रामबागेतलं सत्तर वर्षांचं घर, हाताशी अठरा लाख: पहिला पैसा कुठे घालायचा?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. इंदूरच्या रामबागेत आजोबांनी १९५६ साली बांधलेलं घर. खालचा मजला विटांच्या भिंतींवर गर्डर-फर्शीचा (म्हणजे लोखंडी तुळयांवर दगडी फरश्या टाकलेल्या छताचा), वरचा १९८८ मध्ये वडिलांनी चढवलेला, स्लॅबचा. दोन्ही मिळून १३५० चौरस फूट. हाताशी १८ लाख रुपये. ठेकेदार १३०० रुपये चौरस फुटाने 'पूर्ण रिनोव्हेशन' करून देतो म्हणतो. तुम्हाला स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधली भिंत काढायची आहे, मॉड्युलर किचन हवं आहे, दोन नवी बाथरूम्स, सगळीकडे टाइल्स आणि फ्लश दरवाजे. विचारलं आहे एवढंच, की दर बरोबर आहे का आणि पैसे पुरतील का.

मी सिव्हिल इंजिनियर आहे आणि गेली २६ वर्षं इंदुरात बहुतेक जुन्या घरांचीच कामं करते. मल्हारगंज, जुनी इंदूर, नारायणबाग, तुमची रामबाग. त्या अनुभवावरून सांगते: तुमचा खरा प्रश्न दराचा नाही. तो तुम्ही जाता जाता लिहून गेलात त्या तीन वाक्यांत आहे. मागच्या भिंतीला कमरेपर्यंत ओल येते. स्वयंपाकघराच्या खिडकीवर तिरकी भेग आहे, ती उन्हाळ्यात रुंदावते आणि पावसाळ्यात जवळजवळ मिटते. आणि गीझर चालू असताना मिक्सर लावला की फ्यूज उडतो. घर तुम्हाला तीन ठिकाणी दुखतंय म्हणून सांगतंय, आणि ठेकेदाराच्या कोटेशनमध्ये या तिन्हींपैकी एकाचाही उल्लेख नाही.

१३५० ला १३०० ने गुणलं तर १७,५५,००० येतात. हा आकडा घर उघडून बघून आलेला नाही. तुम्ही सांगितलेल्या १८ लाखांत बसेल असा तो काढलेला दिसतो. ठेकेदार वाईट आहे असं मी म्हणत नाही. नव्या बांधकामात चौरस फुटाचा दर चालतो, कारण तिथे विटा किती, लोखंड किती, सगळं नकाशावरून मोजता येतं. जुन्या घरात एकाच मापाच्या दोन खोल्यांपैकी एकीला फक्त रंग लागतो आणि दुसरीची फरशी उचलल्यावर खाली फुटलेली मोरीची नळी सापडते. दोन्हींना एकच दर कसा लावणार? शिवाय तुमचा ठेकेदार जीएसटीत नोंदलेला असेल आणि त्याने दरात कर धरलेला नसेल, तर १८ टक्क्यांनी वर ३,१५,९०० रुपये चढतील. हे त्याला आजच विचारा, आणि उत्तर लिहून घ्या.

आता घराकडे वळते. भेगेवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण माळव्यात जुनं घर दुरुस्त करायचं तर पायाखालची माती आधी समजून घ्यावी लागते. आपल्याकडे खाली काळा कातळ आहे आणि त्याच्यावर कुठे दोन फूट तर कुठे कितीतरी खोल काळी माती. ही माती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. वैशाखात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडलेल्या तुम्ही बघितल्या असतील, तीच माती घराखाली आहे. ऋतूबरोबर होणारी ही हालचाल साधारण साडेतीन मीटर खोलीपर्यंत पोहोचते असं आम्ही धरून चालतो. १९५६ च्या एकमजली घराचा पाया बहुधा तीन-चार फुटांवर थांबलेला असतो. म्हणजे तुमचं घर दरवर्षी थोडं वर उचललं जातं आणि थोडं खाली बसतं.

सगळं घर एकसारखं वरखाली झालं असतं तर भेग पडली नसती. ती पडते एका कोपऱ्याखाली पाणी जास्त आणि दुसऱ्याखाली कमी असतं तेव्हा. म्हणून भेग बघितली की मी आधी पाणी शोधते, भिंतीकडे नंतर वळते. गच्चीचं पन्हाळं कुठे पडतं? मोरीचं चेंबर कुठल्या भिंतीला लागून आहे? जवळ मोठं झाड आहे का? झाड उन्हाळ्यात मातीतलं पाणी ओढून घेतं आणि तेवढा भाग जास्त आकसतो. (झाड असेल तर घाईने तोडू नका. ते गेल्यावर माती पुन्हा पाणी धरते आणि उलट बाजूने फुगते. मी दोन ठिकाणी असं झालेलं बघितलं आहे.) आणि सगळ्यात महत्त्वाचं, हौद कुठे आहे?

इंदुरात नर्मदेचं पाणी १९७८ मध्ये आलं, नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून. ते एक दिवसाआड येतं, म्हणून जवळपास प्रत्येक जुन्या घरात नंतर जमिनीत हौद बांधला गेला, आणि जागा नसल्यामुळे बहुतेक ठिकाणी तो भिंतीला चिकटून. विटांचा, आतून सिमेंट फासलेला. चाळीस वर्षांत त्याला बारीक चिरा पडतात आणि तो पायाला रोज थोडं थोडं पाणी पाजत राहतो. तुमची ओल आलेली मागची भिंत आणि भेग पडलेली खिडकी एकाच कोपऱ्याच्या आसपास असतील तर माझा पहिला संशय हौदावरच जाईल. तपासायला एक पैसा लागत नाही. पाणी येऊन गेल्यावर हौद भरलेला असताना मोटर बंद ठेवा, येणारा नळ बंद करा, पाण्याच्या पातळीवर खडूने रेघ ओढा, झाकण लावा. चोवीस तासांनी उघडून बघा. दोन बोटं जरी पाणी उतरलं असेल तरी हौद गळतो आहे.

भेगेसाठी दुसरी एक गोष्ट आजच करा. भेगेच्या दोन्ही बाजूंना चिकटेल अशी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवा आणि शेजारी पेन्सिलीने तारीख लिहा. भेग हलली की काच तडकते. त्याचबरोबर भेगेच्या दोन्ही टोकांवर पेन्सिलीने आडवी खूण करा, म्हणजे लांबी वाढते का ते कळेल. दर पंधरा दिवसांनी शेजारी पट्टी धरून मोबाइलवर फोटो काढा. एक पावसाळा असा काढलात तर जे कळेल ते कुठलाही इंजिनियर एका भेटीत सांगू शकणार नाही, मीसुद्धा नाही. नारायणबागेजवळच्या एका घरात पाया खालून पक्का करण्याचं काम ठरलं होतं, रक्कम बरीच मोठी होती. मी एक पावसाळा थांबा म्हटलं, गळका हौद बंद करून गच्चीवर टाकी बसवली, घराभोवती चार फूट रुंद फरशीबंद पट्टा बाहेर उतार देऊन केला. पुढच्या वर्षी काच तडकली नाही. पाया खोदावाच लागला नाही.

उलट अनुभवही सांगते, कारण त्यात चूक माझी होती. कामाला लागून सहा-सात वर्षं झाली होती. जुन्या इंदुरातलं एक घर. मुलीचं लग्न तोंडावर होतं, घरच्यांना घाई, त्यांनी संगमरवर आधीच आणून ठेवला होता. मी मोरीच्या जुन्या भाजक्या मातीच्या नळ्या तपासायचा आग्रह धरला नाही. लग्न झालं, पाऊस आला, भाद्रपदापर्यंत बैठकीतला संगमरवर मधोमध अर्धा इंच खचला आणि दोन फरश्या उभ्या चिरल्या. नळी एका सांध्यात उघडली होती आणि आजूबाजूची माती फुगून आणि वाहून गेली होती. सगळं उखडून पुन्हा केलं. त्या घरच्या आजी मला काही बोलल्या नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. तेव्हापासून जमिनीखालचं आणि भिंतीतलं पाणी तपासल्याशिवाय मी एकाही घरात वरची फरशी टाकू दिलेली नाही.

ओलीकडे येते. १९५६ च्या भिंती बहुधा चुन्यात बांधलेल्या असतील. कुठल्या तरी कोपऱ्यात गिलावा खरवडून दरजांमधला मसाला बोटाने चुरा, पांढुरका आणि मऊ लागला तर चुना. अशा भिंती ओल शोषतात आणि हवेत सोडतात. जोत्यावर ओल अडवणारा थर त्या काळच्या घरांत अनेकदा नसतो, तरी घरं कोरडी राहत, कारण चुन्याचा गिलावा श्वास घेतो. मग कधीतरी कोणीतरी त्यावर सिमेंटचा कडक गिलावा चढवतो, वर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट. आता पाण्याला बाहेर पडायला वाट नाही. ते आतल्या आत वर चढतं, बरोबर क्षार नेतं, वीट भुसभुशीत होते, लोणा म्हणजे क्षारांचा पांढरा थर लागतो. तुमच्या ठेकेदाराने बहुधा सुचवलं असेल, 'चार फुटांपर्यंत टाइल्स लावून टाकू, दिसणार नाही.' तसं करू नका. ओल टाइल्सच्या मागून चढेल आणि दोन वर्षांत पाच फुटांवर दिसेल.

योग्य क्रम असा: आधी पाण्याचा उगम बंद करणं, मग ओलीच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत सिमेंटचा गिलावा काढून टाकणं, भिंत उघडी ठेवून वाळू देणं, लोणा कोरड्या ब्रशने झाडून काढत राहणं. यात निदान दोन-तीन महिने जातात, त्याला जवळची वाट नाही. मग चुन्याचा गिलावा. चुन्याचं काम येणारा मिस्त्री आता इंदुरात शोधावा लागतो. नाही मिळाला तर एक भाग सिमेंट, एक भाग चुना आणि सहा भाग रेती असा मिश्र गिलावा मी वापरते, तो नुसत्या सिमेंटपेक्षा बराच मऊ राहतो. त्यावर पुट्टी नको, चुन्याचाच हात द्या.

गर्डर-फर्शीच्या छताबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही. ते खालून चुना लावलेलं असल्यामुळे ठीक दिसत असेल. पण गर्डर गंजतो तो भिंतीत घुसलेल्या टोकाशी, जिथे तो दिसत नाही. विशेषतः बाथरूमखालचा आणि ओल्या भिंतीतला. तीन-चार टोकांजवळचा गिलावा काढून हातोडीने ठोकून बघावं लागतं. पापुद्रे निघाले तर किती जाडी शिल्लक आहे ते मोजायचं. याच छतावर तुमच्या वडिलांनी मजला चढवलेला आहे, म्हणून हे बघितल्याशिवाय वरच्या मजल्यावर एक टाइलसुद्धा चढवू नका. लोकांना वजनाचा अंदाज येत नाही. जुनी फरशी तशीच ठेवून दोन इंच मसाल्यावर नवी टाकली, तर ६०० चौरस फुटांवर सुमारे ६ ते ७ टन ओझं वाढतं. तीच गोष्ट गच्चीची. गळली की एक थर, पुन्हा गळली की आणखी एक. एका गच्चीवर मी पाच थर मोजले आहेत. जुना थर काढूनच नवा घालायचा, आणि तो काढायची मजुरी आणि मलबा अंदाजपत्रकात आधीच धरायचा.

भिंत काढायचं म्हणता, तर ती फक्त स्वयंपाकघर आणि बैठक यांच्यामधली भिंत नाही. तुमच्या वर्णनावरून तिच्यावर गर्डर टेकलेले आहेत आणि वर १९८८ ची भिंत उभी आहे. ती पाडता येते, अशक्य नाही. आधी दोन्ही बाजूंना टेकू, मग भिंतीतून आरपार आडव्या तुळया घालून वरचं ओझं त्यांच्यावर घ्यायचं, मग नवा गर्डर, त्याच्या दोन्ही टोकांखाली काँक्रीटचे ठोकळे, आणि ते ओझं ज्या जागी उतरतं तिथे पाया पुरेसा आहे का हेही बघायचं, कारण जे वजन दहा फुटांत पसरलं होतं ते आता दोन ठिकाणी येणार. काळ्या मातीत हे हलक्याने घेण्यासारखं नाही. स्ट्रक्चरल इंजिनियरची सही केलेली ड्रॉइंग आणि महापालिकेची परवानगी लागेल. माझा सल्ला विचाराल तर भिंत ठेवा आणि आत्ताचा तीन फुटी दरवाजा मधोमध सहा फुटी करा, दोन्ही बाजूंना निदान दोन-दोन फूट भिंत राहू द्या. वर तुळई लागेलच, पण खर्च आणि जोखीम दोन्ही बरीच कमी होतात. उजेड येईल, आईंना स्वयंपाकघरातून बैठकीतल्या माणसांशी बोलता येईल, जे तुम्हाला हवं आहे ते बहुतेक मिळेल.

विजेचं काम थोडक्यात, कारण यात मतभेदाला जागा नाही: सगळी वायरिंग नवी, तांब्याची, अर्थिंग नवं, प्रत्येक मजल्याला वेगळी एमसीबी (भार वाढला की आपोआप बंद होणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळून शॉक बसायची वेळ आली की पुरवठा तोडणारा स्विच). दिव्यांना १.५, पॉवर पॉइंटला २.५ आणि गीझर-एसीला ४ चौरस मिलिमीटरची तार. एवढं मात्र सांभाळा की वायरच्या नळ्या बुजवण्यासाठी भिंतीत आडवी लांब खाच मारू देऊ नका. उभी खाच भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत चालते, आडवी एक षष्ठांशाच्या पुढे नाही, म्हणजे नऊ इंची भिंतीत दीड इंच. साडेचार इंची भिंतीत तर मारूच नका, तिथे वरून पट्टी लावा. वायरमन ग्राइंडर घेऊन भिंती चिरत जातो आणि कोणी बघत नसतं, हे मी पुष्कळ घरांत बघितलं आहे.

नळांचंही तसंच. जुने लोखंडी पाइप आतून गंजून बोटाएवढे उरलेले असतात, ते सगळे बदला. टाइल्स लावण्याआधी पाइपांची दाबाची चाचणी आणि बाथरूमच्या तळाला ४८ तास पाणी भरून ठेवायची चाचणी, दोन्ही तुमच्या डोळ्यांसमोर. खालच्या छताकडे तिसऱ्या दिवशी बघायला विसरू नका.

आता पैसे. १८ लाख मी असे वाटेन. तुमच्या घराचं जेवढं कळलं त्यावरून हा आराखडा आहे, गर्डर खराब निघाले तर तो बदलेल. ६० हजार मोजणी, नकाशे, इंजिनियरची फी आणि तीन-चार ठिकाणी घर उघडून बघण्याची मजुरी. ४ लाख अचानक निघणाऱ्या कामांसाठी बाजूला, वेगळ्या खात्यात, ज्याबद्दल ठेकेदाराला सांगायचंच नाही. एक लाख सामान हलवणं, भाडं, मलबा. उरलेल्या १२ लाख ४० हजारांपैकी ७ लाख २० हजार न दिसणाऱ्या कामाला: हौद, मोऱ्या, पाइप, वायरिंग, गच्ची, ओल, गर्डर, दरवाजावरची तुळई. दिसणाऱ्या कामाला राहतात ५ लाख २० हजार. त्यात किचन, दोन बाथरूमचं फिनिशिंग, जिथे अगदी गरज आहे तिथली फरशी, रंग.

हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल, मला कल्पना आहे. मनात किचन होतं आणि मी मोऱ्यांवर पैसे घालायला सांगते आहे. पण दिसणारी कामं पुढे ढकलता येतात. वरच्या मजल्याच्या टाइल्स तीन वर्षांनी लावल्या तरी काही बिघडत नाही. किचनचा ओटा आणि पाइप आत्ता, वरची कपाटं पुढच्या दिवाळीला, असं करणारी घरं मी बघितली आहेत आणि ती सुखी आहेत. भिंतीतला पाइप मात्र तीन वर्षांनी बदलायचा तर आजच्या टाइल्स फोडाव्या लागतात. ते ४ लाख उरले तर वरच्या टाइल्स त्यातून करा. अशा घरांत ते पूर्ण उरलेले मी क्वचितच बघितले आहेत, आणि त्यांच्याशिवाय अर्ध्यात थांबलेली कामं मात्र बरीच बघितली आहेत.

ठेकेदाराशी करार दोन टप्प्यांत करा. पहिला फक्त तोडफोड आणि न दिसणाऱ्या कामांचा. घर उघडं झाल्यावर, काय निघालं ते बघून, दुसरा. चौरस फुटाचा दर नको, कामाच्या बाबीप्रमाणे दर घ्या: गिलावा इतके रुपये चौरस फूट, पाइप इतके रुपये फूट, वायरिंग इतके रुपये पॉइंट. मोजमाप वहीत दोघांच्या सहीने. जादा काम निघालं तर आधी व्हॉट्सॲपवर दर आणि अंदाजे माप, तुमचं 'हो', मग काम. तोंडी काही नाही. आगाऊ रक्कम थोडी द्या, पुढचे हप्ते झालेल्या कामाच्या मापावर, आणि शेवटचे १० टक्के एक पावसाळा बघून. चांगला ठेकेदार याला नाही म्हणत नाही, उलट त्यालाही घाटा होण्याची भीती कमी होते. निघालेल्या सागवानाचा, लोखंडाचा आणि काळ्या दगडाचा मालक कोण, हेही लिहा. तुमच्या आजोबांच्या वेळचं सागवान आज विकत घ्यायला गेलात तर कळेल.

बिलं सगळी जपून ठेवा. कर्ज घेणार असाल तर लक्षात घ्या, राहत्या घराच्या दुरुस्तीसाठी घेतलेल्या कर्जाच्या व्याजावर जुन्या करपद्धतीत वर्षाला ३०,००० रुपयांपर्यंतच वजावट मिळते, घर विकत घेण्याच्या कर्जासारखी दोन लाख नाही. आणि घर अजून आजोबांच्याच नावावर असेल, काकांचा, आत्यांचा हिस्सा असेल, तर १८ लाख घालण्याआधी ते कागदावर स्पष्ट करा. हे माझं क्षेत्र नाही, पण चांगल्या झालेल्या घरावरून भावंडांचं बोलणं तुटलेलं मी बघितलं आहे, म्हणून लिहिते. शेजाऱ्यांशी सामाईक भिंत असेल तर काम सुरू होण्याआधी त्यांच्या बाजूचे फोटो त्यांच्यासमोरच काढा.

वेळापत्रक आपल्या इंदूरच्या पंचांगाप्रमाणे लावा. पावसाआधी फक्त हौदाची तपासणी, भेगेवर काच, आणि गच्चीचं पन्हाळं पायापासून दूर नेणं. पावसाळा बघण्यात घालवा, कुठे ओल येते ते तारखेसकट टिपा. याच काळात नकाशे, परवानगी आणि दर. दिवाळीनंतर तोडफोड. ओल आलेली भिंत सगळ्यात आधी उघडा, म्हणजे बाकी काम चालू असताना ती वाळत राहील. होळीच्या आधीच्या आठवड्यात भगोरिया, म्हणजे आदिवासींचा मेळा, असतो, झाबुआ-अलिराजपूर-धारकडचे मजूर गावी जातात आणि जायलाच हवेत. मग रंगपंचमीची गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, मग गव्हाची कापणी. फाल्गुनात कुठलंही मोठं काम अर्धवट, विशेषतः टेकूंवर, उभं ठेवू नका. भिंतीचं आणि छताचं काम संक्रांतीच्या आधी संपलेलं असावं.

तुमचे आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, तर तोडफोडीच्या दोन महिन्यांत त्यांना तिथे ठेवू नका. सत्तर वर्षांच्या चुन्याची धूळ छातीला चांगली नाही. नंतर राहायचं असेल तर आधी एक बाथरूम पूर्ण करून, मग दुसरं फोडायचं. आणि मलबा रस्त्यावर टाकू देऊ नका, या शहराने स्वच्छता मनावर घेतली आहे आणि दंड घरमालकालाच होतो. तुमच्या गल्लीत ट्रक शिरत नसेल तर लोडिंग रिक्षाच्या फेऱ्या लागतील, त्यांचा दर करारात घ्या.

राहिला शेवटचा प्रश्न, दरवाजांचा. बाबांना जुने सागवानी दरवाजे काढायचे नाहीत आणि तुम्हाला ते जड आणि काळे वाटतात. एक दरवाजा उतरवून सुताराकडून तासून बघा, रंगाचे चार थर गेल्यावर आतलं लाकूड बघून मग ठरवा. चौकटीच्या तळाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचा, सहज आत गेला तर वाळवी किंवा कुज आहे. तेवढा खालचा फूटभर भाग कापून त्याच जातीचं लाकूड जोडता येतं, सगळी चौकट बदलावी लागत नाही. काम करणारा सुतार जुना पाहिजे, मल्हारगंजात अजून आहेत. भिंती वाळल्यानंतरच दरवाजे परत बसवा, नाहीतर ते फुगून अडकतील. हौदाच्या रेघेचं काय झालं ते मात्र मला जरूर कळवा.